सहज आलो होतो

अण्णांची बेल आणि अण्णांची किल्ली यांच्यात फार तर एका श्वासाचं अंतर असतं. आपण आतून "कोण आहे?" म्हणेपर्यंत लॅच फिरलेलं असतं, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या असतात आणि अण्णा हॉलच्या मधोमध उभे राहून छताकडे बघत म्हणत असतात, "काही नाही, सहज आलो होतो."

सहज आलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशात टेस्टर का असतो, हे विचारायचं नसतं. अण्णा आमचे घरमालक. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा हा फ्लॅट. ते स्वतः समोरच्या ए विंगमध्ये राहतात आणि त्यांच्या गॅलरीतून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. ती दिसावी म्हणून त्यांनी कुंड्या हलवल्या, असं त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं म्हणणं. अण्णांच्या मते कुंड्यांना ऊन हवं होतं.

नोकरीत असताना अण्णा एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागात होते. न कळवता शाखेत जाऊन उभं राहायचं आणि कॅशियरच्या हातातला चहा थंड करायचा, यात त्यांची हयात गेली. "आधी कळवून गेलो तर कॅश बरोबरच लागणार. मग मी जायचंच कशाला?" हा त्यांचा सिद्धान्त. निवृत्तीनंतर सगळ्या शाखा सुटल्या, एक राहिली. ती म्हणजे आम्ही.

त्यांच्या पाहणीला क्रम आहे. आधी नाक, मग कान, मग डोळे, आणि सगळ्यांत शेवटी हात. दारातच ते एक खोल श्वास घेतात. फ्लॅट बघायला आलो तेव्हा खाण्यापिण्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं की, "आमचं तसं काही म्हणणं नाही, पण..." त्या 'पण'पुढचं वाक्य अजून यायचंय. करारातही ते नाही. मात्र रविवारी कोळंबी केली की दारातला श्वास नेहमीपेक्षा जरा लांबतो. मग ते म्हणतात, "कोळंबी का? छान, छान." हे 'छान' ऐकल्यावर पुढचा आठवडाभर आपण आपणहोऊन मुगाची खिचडी खातो.

नंतर कान. अण्णा बाथरूमच्या दारात डोळे मिटून उभे राहतात. फ्लशची टाकी झिरपत असेल तर तो आवाज आम्हाला दिवसभर ऐकू येत नाही, त्यांना उंबऱ्यावरच येतो. मग सगळे नळ एकेक करून उघडतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. "वायसर गेलाय," असा निकाल देऊन खिशातल्या छोट्या डायरीत नोंद करतात. त्या नोंदीचं पुढे काय होतं ते बँकेलाच ठाऊक. आमच्या मोरीतला नळ डायरीत किती तरी वेळा दुरुस्त झाला आहे. मोरीत तो अजून गळतो.

पण अण्णा खरे खुलतात ते खिळ्यांपाशी. या घरात एकूण किती खिळे आहेत, कुठल्या भिंतीत, जमिनीपासून किती उंचीवर, हे त्यांना तोंडपाठ. नवा खिळा ठोकायचा नाही, ही अट त्यांनी भाड्याच्या रकमेच्याही आधी सांगितली होती. त्यामुळे आमचं कालनिर्णय खिडकीच्या गजाला लटकतं आणि वारा सुटला की एकदम चातुर्मासावर जातं. शेवटी बायकोने बाजारातून चिकटवायचा हूक आणला. खिळा नाही, भोक नाही, भिंतीला इजा नाही. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी तो पाहिला. जवळ गेले. चष्मा कपाळावर चढवला. हुकाच्या कडेखाली अंगठ्याचं नख घातलं आणि हलकेच ओढून पाहिलं. हुकाबरोबर रुपयाएवढा रंगाचा पोपडा खाली आला. अण्णांनी तो तळहातावर घेतला, आम्हाला दाखवला आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "बघा. म्हणून मी सांगत होतो." हूक त्यांनी ओढला, पोपडा डिपॉझिटच्या हिशेबात आमच्या नावे लागला.

असं वारंवार यायला काहीतरी निमित्त लागतं. अण्णांची ती सोय आमच्या माळ्यावर आहे. "माळ्यावर आमचं थोडं सामान आहे, ते राहू दे," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि आम्ही भोळेपणाने मान डोलावली. भाड्याने राहणाऱ्यांना एक सांगून ठेवतो: घरमालकाचं माळ्यावरचं सामान कधीही थोडं नसतं, आणि ते सगळं एकदम कधीच लागत नाही. भाद्रपदात मखर लागतं. गणपती गेले की मखर परत ठेवायचं असतं. नवरात्रात मोठी समई, दिवाळीत आकाशकंदिलाचा सांगाडा, उन्हाळ्यात वाळवणाचं प्लॅस्टिक, जावई आले की जादाची गादी. हिंदू पंचांगात जेवढे सण आहेत तेवढ्या आमच्याकडे पाहण्या होतात, आणि अधिक महिना आला तर अधिक होतात. शिवाय सामान काढायला अण्णा स्टुलावर चढतात. स्टुलावरून कपाटाच्या माथ्यावरची धूळ, पंख्याची पाती आणि आमच्या पलंगावर न आवरलेलं सगळं नीट दिसतं.

हे सगळं आम्ही बराच काळ हसण्यावारी नेलं. बायको घरून काम करते. एकदा तिची ऑफिसची मीटिंग चालू असताना तिच्या मागे पडद्यावर अण्णा अवतरले, हातात मखराचा खांब. पलीकडच्या दहाबारा माणसांनी आदराने नमस्कार केला. अण्णांनीही खांब बगलेत घेऊन उलट नमस्कार केला. ते सासरे आहेत, अशी ऑफिसची आजही समजूत आहे, आणि एवढे कामसू सासरे मिळाल्याबद्दल तिचं अधूनमधून अभिनंदन होतं. पुढे अण्णा फोटो काढायला लागले. "रेकॉर्डसाठी," म्हणाले. रेकॉर्ड त्यांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवलं जात होतं, हे आम्हाला कळलं ते त्यांच्या दादरच्या बहिणीने काकूंना फोनवर "तुमचे भाडेकरू पडदे धूत नाहीत का गं?" असं विचारलं तेव्हा. त्या फोटोत दांडीवर माझे दोन बनियन होते. एकाला भोक होतं.

आता कोणी म्हणेल, सरळ हाकलून का नाही दिलं? कारण अण्णा दुष्ट नाहीत. दुष्ट घरमालक आम्ही पाहिले आहेत. भाडं वाढवून दिलं नाही म्हणून पाणी तोडणारे, मीटरचा फ्यूज काढून खिशात घालणारे. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे आणि ते त्यांना लागूही पडतं. अण्णा त्या जातीचे नव्हेत. आम्ही साताऱ्याला गेलो की ते येऊन आमच्या तुळशीला पाणी घालतात. एकदा आम्ही नसताना गीझरचा पाइप फुटला, खालच्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं, तेव्हा अण्णांच्याच किल्लीने घर वाचलं. पाइप फुटला एकदा. त्याचा दाखला मात्र आम्ही दर आठवड्याला ऐकतो. "त्या दिवशी किल्ली नसती तर?" या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तर नाही हे अण्णांना पक्कं माहीत आहे.

त्यांचं हे येणं नुसत्या संशयातूनही येत नाही. त्याचं मूळ सदाशिव पेठेत आहे. अण्णांच्या वडिलांचा तिथे वाडा होता. वाड्यात भाडेकरू होते. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं ते गोठवलंच. महिना अकरा रुपये देणारं बिऱ्हाड पुढच्या पिढीतही महिना अकरा रुपयेच देत राहिलं. कौलं गळली तर शाकारणी मालकाची, आणि मालकाला त्या रकमेत कौलंही मिळेनात. भाडेकरू नकोत म्हणून लोकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली, तर १९७३मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर जागेत राहत होते त्यांना भाडेकरूच करून टाकलं. अण्णांना स्वतःच्या लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागते. १ फेब्रुवारी १९७३ विचारावी लागत नाही. वाड्यातली माडी त्यांच्या वडिलांनी एका ओळखीच्या गृहस्थांना 'तात्पुरती' दिली होती. त्या तारखेनंतर ते गृहस्थ माडीवरून खाली उतरलेच नाहीत. वडील जिन्याखाली उभं राहून हाक मारायचे, "येऊ का वर?" आणि वरून उत्तर यायचं, "आत्ता नको." स्वतःच्या घरात.

एवढं ऐकल्यावर अण्णांची किल्ली जरा वेगळी दिसते. ते आमचा पंखा तपासायला येत नाहीत. आपल्याला अजून वर येता येतं की नाही, ते तपासायला येतात.

पण वडिलांच्या माडीचा हिशेब आमच्याकडून वसूल करायचं कारण नाही, कारण तो कायदाच आता राहिलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९मध्ये झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यातल्या चोविसाव्या कलमाने अण्णांसारख्यांची झोप परत दिली. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची. न सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं, आणि तोवरचे दिवस दुप्पट दराने मोजून घ्यायचे. पंचावन्नावं कलम सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तीही अण्णा पाळतात, कारण चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. या कायद्याचं पिवळं पडलेलं पुस्तक त्यांच्या टीपॉयवर असतं. चोवीस आणि पंचावन्न या कलमांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत. मधली पानं नवी कोरी.

मजा म्हणजे खासगीपणा हा विषय अण्णांना वर्ज्य नाही. स्वतःचा असेल तर ते त्याच्यासाठी तलवार काढतात. सोसायटीने गेटवर ॲप आणलं, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद व्हावी म्हणून, तेव्हा सर्वसाधारण सभेत अण्णा अर्धा तास बोलले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, पुट्टस्वामी खटला, राज्यघटनेचा अनुच्छेद २१, सगळं तारीखवार. "माझ्याकडे कोण येतं, कधी येतं, हे वॉचमनने का लिहायचं?" सभा स्तब्ध. मागच्या रांगेत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. आमची आधार कार्डं, पॅन कार्डं, दोघांच्या कंपन्यांची ओळखपत्रं आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स त्या वेळी अण्णांच्या कपाटात होती. पोलिस पडताळणीला यातलं थोडंसंच लागतं. उरलेलं त्यांनी 'असू दे' म्हणून घेतलं होतं.

याहून भारी प्रसंग सेक्रेटरींचा. अण्णांच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती होते अशी तक्रार आली, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी एक कमिटी मेंबर घेऊन संध्याकाळी त्यांच्या दारात उभे राहिले. अण्णांनी सेफ्टी डोअरच्या आतूनच विचारलं, "नोटीस?" सेक्रेटरी म्हणाले, "अहो अण्णा, दोन मिनिटं बघतो फक्त." अण्णा आत गेले, उपविधींचं पुस्तक घेऊन आले आणि जाळीतून वाचून दाखवलं. दुरुस्तीसाठी सदनिका बघायला यायचं तर सभासदाला आधी कळवायला हवं. "आगाऊ सूचना! लिहिलेलं आहे! माणसाच्या घरात असं घुसायचं असतं का हो? बायामाणसं असतात आत!" सेक्रेटरी परत गेले. अण्णांनी हे आम्हाला दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने सांगितलं. कुठे सांगितलं? आमच्या हॉलमध्ये. कसे आले होते? किल्लीने.

मी म्हटलं, "अण्णा, मग तुम्हीही..."

"अरे, तो सेक्रेटरी परका माणूस," अण्णा म्हणाले. "मी काय परका आहे?"

या एका वाक्यापुढे मी हरलो. भांडता येतं ते परक्याशी. जो स्वतःला घरचाच मानतो त्याला दारात कसं अडवायचं? आपल्याकडे घरमालक हा 'काका' किंवा 'अण्णा' होतो आणि भाडेकरू 'आमच्या मुलांसारखा', आणि मुलांच्या खोलीत शिरताना आपल्या घरांत कोण दार वाजवतं? (अण्णांचा मुलगा बाणेरला राहतो. तिथे जायचं असेल तर अण्णा आदल्या दिवशी सुनेला फोन करतात. सुनेने तसं सांगून ठेवलं आहे. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा अतिशय गंभीर होता.)

पाणी डोक्यावरून गेलं ते एका शनिवारी, सकाळी साडेसहाला. बायको केसांना टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आली तर हॉलमध्ये अण्णा. फिरायला बाहेर पडले होते, जाता जाता रेग्युलेटर बघत होते. ती काही बोलली नाही. आत गेली आणि तिने कडी घातली. अण्णाही ओशाळले, कारण नेहमीचं 'सहज' न म्हणता तसेच निघून गेले. त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या त्यांना चहाला बोलाव." मी विचारलं, "ते न बोलावता येतील की." ती म्हणाली, "म्हणूनच बोलाव."

रविवारी अण्णा आले. बेल वाजवून, चक्क दार उघडेपर्यंत थांबून. टेबलावर चहा, चकल्या आणि काही कागद. कागद पाहून अण्णा खुलले. कागदांनी त्यांना कधी भीती वाटत नाही.

"मुळात एक समजून घ्या," त्यांनीच सुरुवात केली. अण्णा एरवी आम्हाला 'तू' म्हणतात. कायद्यावर आले की 'तुम्ही'. "हा भाडेकरार नाही. लिव्ह अँड लायसन्स आहे. १८८२चा सुविधाधिकार कायदा, कलम बावन्न. तुम्हाला जागेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. वापरायची फक्त परवानगी. ताबा कायद्याने माझा. मग माझ्या ताब्यातल्या जागेत मी आलो तर बिघडलं काय?"

हा मुद्दा पोकळ नाही. लायसन्सची व्याख्या खरोखरच तशी आहे, आणि पुण्यातले निम्मे घरमालक याच वाक्यावर किल्ली फिरवतात. बायकोने चकलीची बशी पुढे सरकवली आणि त्यांच्याच पिवळ्या पुस्तकाची एक झेरॉक्स काढली. पुस्तक तिने काकूंकडून आणलं होतं.

"कलम अठ्ठावीस, अण्णा. जागा भाड्याने दिलेली असो नाहीतर लायसन्सवर, मालकाला पाहणी करायचा अधिकार आहे."

"मग!" अण्णा म्हणाले.

"वाजवी वेळी. आणि आधी सूचना देऊन. सूचना कोणाला, तेही लिहिलंय. भाडेकरूला, लायसन्सीला किंवा जो राहत असेल त्याला."

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद वाचला. उलटून मागची बाजू पाहिली, तिथे काही नव्हतं. चोवीस पाठ असलेल्या माणसाला अठ्ठावीस प्रथमच भेटत होतं.

"सूचना म्हणजे काय पण? बेल वाजवतो ना मी. बेल ही सूचनाच."

"आणि वाजवी वेळ?"

"साडेसहा! अहो, साडेसहाला माझा अर्धा वॉक झालेला असतो."

बायकोने आमचा करार काढला. नोंदणीच्या वेळी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला होता. फोटो, अंगठा, पुढचा फोटो, पुढचा अंगठा, पंधरा मिनिटांत सगळं झालं. कोणी काही वाचलं नाही. आम्ही वाचलं नाही कारण आम्ही भाडेकरू. पण जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या अण्णांनीही वाचलं नव्हतं. त्यात पाहणीचं कलम होतं, सगळ्या छापील करारांत असतं तसंच: वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने, मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला जागा पाहता येईल. खाली अण्णांचा अंगठा.

अंगठा पाहिल्यावर अण्णांचा आवाज उतरला. स्वतःच्या सहीपुढे बँकेचा माणूस वाद घालत नाही. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून ते म्हणाले, "सूचना किती आधी, हे कुठे लिहिलंय?"

आमच्या कायद्यात तासांचा हिशेब खरंच नाही. मग बायकोने केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा काढला, २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला. तो नमुना आहे, राज्यांनी स्वीकारला तरच लागू व्हायचा, हे तिने आपणहोऊन सांगितलं. पण अंदाजाला बरा. त्यात चोवीस तास आधी सूचना, लेखी किंवा मोबाइलवर, आणि सूचनेत दिवस, वेळ, कारण. सूचनेशिवाय शिरता येतं ते फक्त आणीबाणीत: युद्ध, पूर, आग, चक्रीवादळ, भूकंप.

अण्णांनी ती यादी फार लक्ष देऊन वाचली. पुरापाशी त्यांचं बोट थांबलं. पुण्यात ज्यांनी १२ जुलै १९६१ पाहिला त्यांचं बोट तिथे थांबतंच. पाच-दहा मिनिटं ते पानशेतच्या पुरावर बोलले. मग हळूच म्हणाले, "नळ चुकून उघडा राहिला, तर तो पूर धरायचा का?"

"नाही, अण्णा."

"आणि गीझरचा पाइप?"

"पाइप फुटला तर धरू." तिथे तिने सूट दिली, आणि द्यायलाच हवी होती. तिच्या बशीखाली आणखी एक कागद होता. भारतीय न्याय संहिता, कलम ३२९, गृह-अतिक्रमण. तो तिने काढला नाही. त्याचा एक कोपरा मात्र दिसत होता, आणि तपासणी विभागातल्या माणसाला कोपरा पुरतो.

अण्णा उठले. दारापर्यंत गेले. खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खिशात ठेवली. किल्ली परत मिळेल अशी आमचीही अपेक्षा नव्हती. पाइप फुटू शकतो.

तेव्हापासून सूचना येते. अण्णांनी अर्धवट काही केलं नाही. व्हॉट्सॲपवर पत्रच येतं: "सा. न. वि. वि. विषय: पाहणीबाबत. संदर्भ: कलम २८. उद्या रोजी सकाळी ९.३० वा. सदर जागेत येण्याचे योजिले आहे. कारण: मखर." खाली तारीख, आणि 'पोच द्यावी'. आम्ही अंगठा पाठवतो. अंगठ्याला पोच मानत नाहीत. लिहून द्यावं लागतं. एकदा आम्हाला जमणार नव्हतं तर बायकोने तसं कळवलं, आणि अण्णांनी उलट लिहिलं, "हरकत नाही. पर्यायी तारीख कळवावी." त्यांच्या वडिलांना वरून जे उत्तर मिळायचं तेच होतं हे, फक्त तारखेसकट. अण्णांना त्याचा राग आला नाही. तारीख मिळाली की बँकेच्या माणसाला राग येत नाही. फोटोही थांबले आहेत. दादरच्या बहिणीने त्याबद्दल नाराजी व्यक्त केल्याचं कळतं.

सूचनेचा एक परिणाम मात्र कलम अठ्ठावीस लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसणार. पूर्वी अण्णा न सांगता यायचे आणि दहा मिनिटांत जायचे. आता सांगून येतात म्हणजे पाहुणे म्हणून येतात. आदल्या रात्री घर आवरावं लागतं, सकाळी पोहे करावे लागतात, ओलं खोबरं किसावं लागतं. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, काकूंना घेऊन, साडेनऊच्या ठोक्याला येतात आणि साडेअकरापर्यंत बसतात. पोहे खातात, वाड्याच्या गोष्टी सांगतात, बाणेरच्या सुनेचं कौतुक करतात. पाहणी बहुतेक राहूनच जाते. जाताना दारात आठवते, मग म्हणतात, "असू दे, पुढच्या वेळी बघू. रीतसर कळवतोच."

आमचे अकरा महिने आता संपत आलेत आणि बायकोची बदली बंगळुरूला झाली आहे, त्यामुळे फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. कोणाला हवा असेल तर जरूर कळवा. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पाणी दोन वेळ, भाडं कोथरूडच्या मानाने कमी, मालक सज्जन. पाहणीच्या कलमात 'किमान एक दिवस आधी लेखी सूचना' हे शब्द आम्ही अण्णांच्या संमतीने घालून ठेवले आहेत. अंगठा देण्याआधी ते मसुद्यात तसेच आहेत ना, एवढं वाचून घ्या. मोरीतला नळ गळतो. माळा मिळणार नाही.